चौरंगावरचं हेल्मेट

सोमवार, १९ ऑक्टोबर १९८१. दुपार. तुझा तेरावा.

हजर: आई. तुझी बायको सुमन. सुमनचे आईवडील. उमरेडहून मोठे काका आणि काकू. तुझ्या दुकानातला वासुदेव आणि त्याची बायको. माझ्या वॉर्डातल्या दोन सिस्टर, ड्यूटी संपवून परस्पर आलेल्या. शेजारच्या तीन घरचे लोक. आणि नरखेडकडचे नऊ बागवाले, चार मोटरसायकलींवर.

मी दारात उभी राहून त्या नऊ जणांची डोकी पाहिली, गजू. सहा दुपट्टे, तीन पांढऱ्या टोप्या. हेल्मेट एकही नाही. तुझ्या तेराव्याला आले, तुझ्यासारखेच आले आणि जेवून तसेच गेले. एकाला मी फाटकाशी अडवलं. म्हटलं, "भाऊ, एवढ्या लांबून उघड्या डोक्यानं?" तो बिचारा गोंधळला. "उघडं कुठं आहे ताई? दुपट्टा आहे न."

गोडाचं जेवण झालं, पंगती उठल्या, भांडी घासून पालथी घातली. आजच्या माझ्या यादीत चौदा कामं होती. बारा झाली. तेरावं काम म्हणजे हे लिहिणं. चौदावं शेवटी सांगते.

समाजाच्या मासिकानं तुझी माहिती मागितली आहे. जन्म, शिक्षण, व्यवसाय, मागे कोण कोण, आणि एक फोटो. फोटो देईन. बाकी नाही देणार. पंपाच्या मोटरी दुरुस्त करणारा गजू मिस्त्री कोण होता ते ज्यांना हवं त्यांना माहीत आहे. माहितीऐवजी मी त्यांना हे देणार आहे. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची रीत आहे, पण आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. मी ते पुढे चालवते.

भांडण दोन वर्षांचं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या वॉर्डात एक शाळामास्तर आले होते, तुझ्याच वयाचे. मोटरसायकलवरून पडले, डोक्यावर. जगले. पण बायकोला ओळखेनात. ती रोज चार वाजता, भेटीची वेळ झाली की, आधी माझ्या टेबलाशी यायची आणि विचारायची, "सिस्टर, आज ओळखतील का हो?" तेवीस दिवस विचारलं तिनं. मग ती त्यांना गावी घेऊन गेली. माझ्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी सीताबर्डीला गेले आणि हेल्मेट आणलं. पांढरं, जाड, आत कापडाचं अस्तर, चामड्याची वादी. आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर तुझं नाव, पत्ता आणि रक्तगट लिहिला.

"हे काय वं ताई?"

"हेल्मेट."

"ते दिसून राहिलं. आतमंधी काय लिहिलं?" वाचलंस आणि हसत सुटलास. "टोपी आहे का केसपेपर?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घालून तर दाखव." तू घातलंस. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "दुधाचा कॅन दिसून राहिला." झालं. निम्मा खटला मी तिथेच हरले.

पहिल्यांदा ते घेऊन नरखेडला गेलास आणि संध्याकाळी परत आलास, तेव्हा मी ओट्यावर उभी होते. हेल्मेट हँडलला लटकत होतं, भरलेलं. "बावीस संत्री मावले ताई," तू म्हणालास. "मस्त वस्तू आणली." तेव्हापासून तू त्याला टोपलंच म्हणायला लागलास. मी संत्री टोपलीत ओतली, हेल्मेट पुसलं आणि तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यातलंच एक संत्रं सोलून तू माझ्या पुढे ठेवलंस. गोड होतं. खाल्लं. माझं असंच होतं तुझ्यापुढे.

पुढे त्या हेल्मेटात काय काय राहिलं त्याची यादी मी केली होती: संत्री, मोसंबी, एकदा कोंबडीची अंडी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, आईची निवडलेली अंबाडी, पावसाळ्यात तुझे मोजे. डोकं क्वचित. धरमपेठेच्या चौकातला हवालदार मला ओळखायचा म्हणून त्या चौकात तू ते डोक्यावर ठेवायचास आणि चौक ओलांडला की काढायचास. हे त्यानंच मला सांगितलं, कौतुकानं.

मी वॉर्डाच्या डायरीच्या मागच्या पानांवर एक तक्ता आखला होता. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस आला की त्याचं नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात हेल्मेट नसल्याचं कारण. माणूस बोलत असेल तर त्यालाच विचारायची, नाही तर नातेवाइकांना. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, हे कशाला? मी म्हणायची, असू द्या. कारणं अशी: जवळच जायचं होतं. गरम होतं. केस गळतात. हॉर्न ऐकू येत नाही. बायको हसते. घरी ठेवलं तर उंदीर कुरतडतात म्हणून पेटीत ठेवलं आहे. मी हळू चालवतो. मी पंधरा वर्षं चालवतो. गाडीला लिंबू-मिरची बांधली होती.

तुझं कारण यातलं एकही नव्हतं. तुझं कारण मी घरीच ऐकलं.

"काहून घालत नाही, एकदा सांगून टाक."

"गावात शिरतो न ताई, तं पारावर म्हातारे बसले राहते. डोक्यावर डबा घालून गेलो तं त्याइले चेहरा दिसत नाही. रामराम कसा करू? म्हणते, मिस्त्री माजला. एक वेळ माजला म्हटलं न, मंग त्या गावातल्या मोटरीची तार दुसरा मिस्त्री भरते."

याला माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, पाराच्या आधी काढ, पार गेला की घाल. हवालदाराच्या चौकात जमतं तर तिथं काहून जमत नाही? तू म्हणालास, "चौकात एकच हवालदार आहे. रस्त्यात पार किती आहे मोज." मी खरंच मोजले असते. तू मला कधी मागे बसवून तिकडे नेलं नाहीस.

आणि उन्हाळ्यात? एप्रिल लागला की खिशात कांदा. डोक्याला ओला दुपट्टा, कानावरून दोन फेरे, नाकावरून एक. लू लागू नये म्हणून एवढा बंदोबस्त, एकही दिवस खाडा नाही. मी म्हणायची, "लू दिसते का तुला? तरी घाबरतो न तिला? मग रस्ता तर दिसतो." तू म्हणायचास, "कांदा आजीनं सांगितला. टोपलं तू सांगितलं." म्हणजे मी मरून दोन पिढ्या गेल्या की माझं ऐकणार. बरं.

एक मात्र मान्य करते, आणि ते मासिकात छापून येऊ दे. रात्रपाळी संपली की सकाळी आठला तू दवाखान्याच्या फाटकाशी उभा असायचास. दहा वर्षांत चुकला नाहीस. मी मागे बसायची, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा आणि डायरी. एक दिवस तू गाडी सुरूच केली नाहीस.

"हेल्मेट एक आहे. डोकी दोन. बोल ताई, कोणाचं फुकटचं?"

"चालवणाऱ्यानं घालायचं."

"काहून? पडल्यावर मागचा काय हवेत राहते?"

इतक्या माणसांच्या डोक्यांना पट्ट्या बांधल्या, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. तू जिंकलास. पण जिंकून दुसरं हेल्मेट आणायला सांगितलं नाहीस, होतं ते आरशाला अडकवलंस. आपण दोघंही उघड्या डोक्यानं घरी आलो आणि वाटेत तू गरम तर्रीपोहे खाऊ घातलेस. त्या सकाळचा मला राग यायला हवा. येत नाही. तर्री फार तिखट होती आणि तू माझ्या नाकातून पाणी येताना पाहून म्हणालास, "सिस्टर, सलाईन लावू का?"

आता नवमी.

आपल्या घरात माग बंद पडून बावीस वर्षं झाली, तरी खंडेनवमीला बाबांचा धोटा खुंटीवरून उतरतो. चौरंगावर मधोमध धोटा, त्याच्या बाजूला नट खोलायचे तुझे पाने, माझी कात्री आणि रक्तदाब मोजायचं यंत्र, आईचा विळा. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होऊन अक्षता पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आईचा हा नियम कडक. बाबांनी एका वर्षी निकडीचं लुगडं पुरं करायला नवमीलाच धोटा उचलला आणि त्याच दिवाळीत माग कायमचा थांबला. मागाच्या कापडाला तेव्हा गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, साऱ्या गल्लीतले माग थांबले. पण आईच्या लेखी कारण एकच, उचललेला धोटा.

यंदा मी ठरवलं, हेल्मेट चौरंगावर ठेवायचं. भांडून झालं, अबोला धरून झाला, आता हे करून पाहू. ज्याला तू वर्षातून एकदा हात जोडशील त्यात संत्री भरणार नाहीस, असा माझा हिशोब. आई तयार नव्हती.

"चामडं आहे त्याले. चौरंगावर चामडं नाही ठेवत."

"आई, त्याच्या डोक्याचं आहे ते."

"डोक्याचं असो का पायाचं. चामडं ते चामडं."

मी पाऊण तास भांडले. शेवटी ती म्हणाली, "ठेव. पण ठेवशील तं सगळे नियम पाळशील. अर्धं इकडं अर्धं तिकडं मले चालत नाही." मी शब्द दिला. तू दारात उभा राहून ऐकत होतास. म्हणालास, "टोपल्याचे भाग्य उजळले."

दहा वाजता पूजा झाली. साडेदहाला नरखेडहून पहिल्या बसनं निघालेला बागवाला दारात आला. मोटर जळली होती, मोसंबीला पाणी बंद. तू लगेच उठलास. पाने चौरंगावर होते, दुकानातले जुने पिशवीत घातलेस. मोटरसायकलला हार घातला होता, पण ती अंगणात. आई म्हणाली, गाडी चौरंगावर नाही, गाडीले चालते. बागवाला म्हणाला, तो बसनंच येतो, तू पुढे हो. तू किक मारायच्या आधी परत दारात आलास. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच.

"ताई, ते टोपलं दे वं."

दोन वर्षांत पहिल्यांदा तू मागितलंस. मी चौरंगाकडे पाहिलं. ताजं कुंकू होतं त्यावर. आई शेजारीच उभी होती. आणि मी, तुझी ताई, जी वॉर्डात औषधाची वेळ पाच मिनिटं चुकू देत नाही, म्हणाले, "आता नाही. उद्या. उद्यापासून रोज."

तू हसलास आणि गेलास.

काटोल रोडवर, नाक्याच्या पुढे, रस्त्याच्या कामाची गिट्टी रस्त्यावरच ओतून ठेवली होती. समोरून ट्रक आला, तू कडेला घेतलीस, चाक गिट्टीत गेलं. त्याच ट्रकवाल्यानं तुला आमच्या दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा काही करायचं उरलं नव्हतं. तरी मी माझ्या सवयीनं तुला पायापासून वर तपासलं. पाय ठीक. हात ठीक. डाव्या कोपराला खरचटलं होतं. बरगड्या ठीक. घड्याळ चालू. खिशात कांदा, न दबलेला. उन्हाळा जाऊन चार महिने झाले, तरी कांदा होता. फक्त डोकं. गजू, फक्त डोकं.

यापुढचं मी वाकून नाही, मान वर करून लिहिते आहे.

दहाव्याला मोठे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "लिहिलेलं टळत नाही वं पोरी. नवमीसारख्या दिवशी गेला, सोनं झालं पोराचं."

मी म्हटलं, "कायवर लिहिलं होतं काका? गिट्टीवर?"

काकू ओरडल्या, "वं बाई, वडीलधारे आहेत ते!" सुमनच्या वडिलांनी मान खाली घातली. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन काकांच्या शेजारीच बसले. त्यांचा अपमान करायचा नव्हता. पण ते वाक्य मी चालू देणार नाही. नशीब म्हटलं की सगळे सुटतात. गिट्टी टाकणारा सुटतो. हसणारे सुटतात. तू सुटतोस, तुझे पार आणि तुझे रामराम सुटतात. मीही सुटते. आणि सगळे सुटले की पुढचा माणूस तसाच दुपट्टा बांधून निघतो. मला सुटायचं नाही. चूक झाली, ती माझ्या हातून झाली, आणि चुकीचा एक फायदा आहे. ती दुसऱ्यांदा टाळता येते.

अकराव्या दिवशी मी डायरी उघडली. तक्त्यात तुझं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात कारण: "बहिणीनं पूजेत ठेवलं होतं." पान मिटलं नाही. शाई वाळेपर्यंत पाहत बसले.

सुमननं ते वाचलं असावं. काल ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक सांगू? फाटकापाशी ते मले म्हणे, 'पाहिलं? ताईच्या तोंडून घालू नको म्हणवून घेतलं. आता वर्षभर चिडवतो तिले.' त्याइले घालायचं नव्हतंच. चिडवायलेच मागितलं."

ती खरं सांगते आहे की मला हलकं करायला सांगते आहे, मला कळलं नाही. तू तसं म्हणाला असशील, हे अगदी पटतं. आवाजसुद्धा ऐकू आला. मग मी विचार केला: समजा चेष्टेनं मागितलंस. समजा मी दिलं असतं. कोपरात अडकवून नेलं असतंस? की ताईनं एवढं भांडून चौरंगावर चढवलेलं, आता उतरवून दिलेलं, म्हणून निदान नाक्यापर्यंत डोक्यावर ठेवलं असतंस? नाक्याच्या पुढे थोडंसंच अंतर होतं. हे तुला विचारायचं राहिलं. तू उत्तर दिलं असतंस तेही चेष्टेतच. सुमनला मी म्हटलं, "बरं केलं सांगितलंस." डायरीतलं कारण खोडलं नाही.

गिट्टीबद्दल: रस्त्याच्या खात्याला अर्ज लिहिला. त्यात रडणं नाही. ढीग रस्त्याच्या बाहेर ठेवा, ठेवता येत नसेल तर भोवती चुना लावलेले दगड मांडा, एवढंच. पोच घेतली आहे. परवा वासुदेवला पाहायला पाठवलं. ढीग तिथेच आहे. दुसरा अर्ज लिहून तयार आहे.

आता हेल्मेट. त्या दुपारीच सुतक लागलं, दसऱ्याची पूजा झाली नाही, अक्षता पडल्या नाहीत. केळी आणि नारळ शेजारणीनं उचलून नेले. बाकी सगळं चौरंगावर जसंच्या तसं, वर काकांनी टाकलेलं पांढरं कापड. तेरा दिवस त्या कापडाखाली एक गोल उंचवटा दिसत होता. येणारे त्याच्याकडे पाहायचे आणि नजर फिरवायचे. काकू म्हणाल्या, ते अपशकुनी आहे, अस्थींबरोबर रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडायला हवं होतं. मी म्हटलं, अस्थी सोडल्या तेव्हा मी सोबत होते आणि मी ते मुद्दामच नेलं नाही.

आज जेवणानंतर वासुदेवला गाठलं. तू गेल्यापासून दुकान तो सांभाळतो आहे. हँडल सरळ करून तुझी मोटरसायकलही त्यानं चालू केली. उद्या सकाळी सहाला तो तिच्यावरून नरखेडला निघणार, त्याच जळलेल्या मोटरीसाठी.

"वासुदेव, उद्या हेल्मेट घालून जायचं."

त्यानं हात जोडले. "ताई, तुमी म्हणसान ते करतो. पण ते नका सांगू. गेलेल्या माणसाचं आहे."

"गाडी कोणाची आहे?"

"गजूभाऊची."

"पाने कोणाचे?"

"गजूभाऊचे."

"गाडी चालते, पाने चालतात, गिऱ्हाईक चालतं. एक हेल्मेटच अपशकुनी?"

"गाडीवर पोट आहे न ताई."

"आणि पोट कायवर आहे?"

तो जमिनीकडे पाहून हसला. तुझ्यासोबत चौदा वर्षं राहून हसणंही तुझंच उचललं आहे त्यानं. मग म्हणाला, "माय पूजा हलवते का पाहा आधी. पूजेतलं मी उचलत नाही." आणि निघताना, "येतो सहाले. पाहू." तो चाळिशी ओलांडलेला माणूस. त्याची बायको फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला म्हणाली, "सोडू नका त्याइले." एवढंच बोलून गेली.

मी आईपुढे जाऊन बसले. तेरा दिवसांत ती माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, मीही नाही. दोघींनाही माहीत होतं की दारात तू मागितलंस तेव्हा दोघीच उभ्या होतो. मी म्हटलं, "आई, पूजा हलवायची आहे."

तिनं धोट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्या दिवशी दे म्हटलं असतं तं तू दिलं असतं?"

"हो."

"आणि तू दिलं असतं तं मी काही म्हटलं असतं?"

"माहीत नाही."

"मलेही नाही माहीत," ती म्हणाली. उठली, हात धुतले, वाटीत अक्षता घेतल्या. काकू पुढे झाल्या, "वहिनी, त्याले तेवढं वगळा." आई त्यांना म्हणाली, "तुमी बसा." कापड काढलं. सगळ्यावर अक्षता टाकल्या, धोट्यावर, पान्यांवर, विळ्यावर, हेल्मेटवरही, आणि चौरंग दोन बोटं उत्तरेला सरकवला. धोटा खुंटीवर गेला. पाने वासुदेवसाठी पिशवीत. हेल्मेट तिनं पदरानं धरून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"चामडं काढ त्याचं."

मी वादी बोटांत धरून पाहिली.

"कापून टाक. बाबाच्या पेटीत नवार आहे, मागावरची. खाटेले लावली असती तं अजून वीस वर्षं तुटली नसती. ते लाव. मंग चौरंगावरही चालते आन् डोक्यावरही."

गजू, दोन वर्षं मी तुझ्याशी भांडले. रक्तगट, अबोला, यादी, हवालदार. आईच्या अडचणीला नवार लावायची हे मला एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तर त्या पाऊण तासाच्या भांडणात मी तिला शब्द द्यायची वेळ आली नसती. हे माझं मीच लिहून ठेवते.

पेटीतून नवार काढली. बाबांच्या हातची, पांढरी, काठाला निळा धागा. चामड्याची वादी कापून बाजूला ठेवली. टाके मला घालता येतात, तीस वर्षांचा हात आहे. दुहेरी दोरा, मेण लावून. उजवी बाजू शिवून झाली. ओढून पाहिली, सुमनलाही ओढायला लावली. तिनं दोन्ही हातांनी ओढली, पूर्ण जोर लावून, आणि मग बराच वेळ सोडलीच नाही. कुंकवाचे डाग मी पुसले नाहीत. आतली चिकटपट्टी मात्र काढली. नवी लावली आहे, त्यावर वासुदेवचं नाव आणि पत्ता. रक्तगट त्याला माहीत नाही, उद्या परत आला की माझ्याबरोबर दवाखान्यात.

तुझ्या त्या प्रश्नाचं, डोकी दोनचं, उत्तर अजून नाही. तोवर मी बसनं जाईन.

तर चौदावं काम. डावी बाजू मी मुद्दाम शिवली नाही. वादी किती लांब ठेवायची ते हनुवटीवर अवलंबून असतं, आणि वासुदेवचा चेहरा तुझ्यापेक्षा रुंद आहे. नवार थोडी जास्तच ठेवली आहे, सुईत दोरा ओवून ठेवला आहे, हेल्मेट दाराशी स्टुलावर आहे. सकाळी सहाला तो येईल आणि म्हणेल, पाहू. मी म्हणेन, पाहू नंतर, आधी माप दे. माप द्यायला ते त्याला डोक्यावर घालावंच लागेल.

माप घ्यायचं राहिलं आहे.